बंदरातील सुरक्षा पातळ्या आणि प्रतिबंधित क्षेत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलरचालक, कस्टम ब्रोकरांच्या कार्यालयांतील कर्मचारी, सर्व्हेअर, जहाजांना शिधा आणि सुटे भाग पुरवणारे व्यापारी, खलाशांचे नातेवाईक आणि नौवहनाचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः मुंबई बंदरातील आणि उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील आहेत. मात्र नियमांचा गाभा आंतरराष्ट्रीय असल्यामुळे मुरगाव, कांडला किंवा रॉटरडॅम येथेही तो वेगळा नाही.

सुरक्षा पातळी म्हणजे नेमके काय?

बंदरावर किंवा जहाजावर घातपात, अपहरण, शस्त्रांची चोरटी वाहतूक किंवा चोरून प्रवेश यांसारखी घटना घडण्याचा धोका त्या वेळी किती आहे, याचा सरकारने केलेला अंदाज म्हणजे सुरक्षा पातळी. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पातळी ही रोजची असून तिच्यातील किमान उपाय वर्षाचे बाराही महिने चालू ठेवावे लागतात. दुसरी पातळी धोका वाढल्याची माहिती मिळाल्यावर, त्या धोक्याचा काळ संपेपर्यंत लागू होते. तिसरी पातळी घटना घडण्याची दाट शक्यता असेल किंवा ती अगदी तोंडावर आली असेल तेव्हाच, आणि तीही मर्यादित काळापुरती लावली जाते. नेमके लक्ष्य कोणते हे त्या वेळी कळलेले असलेच पाहिजे असे नाही. बंदरात काम करणारे लोक या पातळ्यांना ‘मार्सेक वन’, ‘मार्सेक टू’ असे म्हणतात. तो शब्द अमेरिकी तटरक्षक दलाच्या वापरातून सगळीकडे पसरला. हे नियम ज्या आंतरराष्ट्रीय संहितेतून आले (तिची ओळख पुढच्या उत्तरात आहे), तिच्यात नुसते ‘सुरक्षा पातळी’ एवढेच आहे.

पहिली पातळी म्हणजे ‘धोका नाही’ असा समज अनेकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. या पद्धतीत शून्य पातळी ठेवलेलीच नाही.

हा नियम केव्हा आला आणि कशामुळे?

आयएसपीएस या नावाने ओळखली जाणारी जहाज व बंदर-सुविधा सुरक्षा संहिता आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या लंडन येथील परिषदेत डिसेंबर २००२ मध्ये संमत झाली आणि १ जुलै २००४ पासून जगभर लागू झाली. समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या १९७४ च्या ‘सोलास’ करारात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. संहितेचा ‘अ’ भाग बंधनकारक आहे आणि ‘ब’ भाग मार्गदर्शनपर आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासावरील सर्व प्रवासी जहाजे, ५०० टन किंवा त्याहून अधिक सकल टनभाराची मालवाहू जहाजे, समुद्रात तेलासाठी खोदकाम करणारे फिरते तराफे (रिग) आणि अशा जहाजांची चढउतार जेथे होते त्या बंदर-सुविधा तिच्या कक्षेत येतात.

त्यामागे काही वर्षांच्या घटना होत्या. ऑक्टोबर १९८५ मध्ये भूमध्य समुद्रात ‘आकिले लाउरो’ या प्रवासी जहाजाचे अपहरण झाले आणि त्यानंतर सागरी सुरक्षेचे पहिले आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन तयार झाले, पण ते ऐच्छिक राहिले. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडन बंदरात इंधन भरण्यासाठी थांबलेल्या ‘कोल’ या अमेरिकी युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली छोटी बोट धडकवण्यात आली आणि १७ नौसैनिक मृत्युमुखी पडले. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने या विषयाचा पाठपुरावा केला, आणि लंडनची परिषद भरण्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर २००२ मध्ये, येमेनच्या किनाऱ्याजवळ ‘लिंबुर्ग’ या फ्रेंच तेलवाहू जहाजावर तशाच पद्धतीने हल्ला झाला. आंतरराष्ट्रीय करार सहसा वर्षानुवर्षे रेंगाळतात. हा सुमारे वर्षभरात तयार झाला, यावरून त्या वेळची घाई लक्षात यावी.

पातळी कोण ठरवते? फाटकावरील अधिकारी ती स्वतःहून वाढवू शकतो का?

नाही. पातळी ठरवण्याचा अधिकार करारात सामील असलेल्या देशाच्या सरकारचा आहे. भारतात हे काम मुंबईत मुख्यालय असलेले नौवहन महासंचालनालय करते; भारतीय ध्वजाखालील जहाजे आणि भारतीय बंदरे या दोहोंसाठी पातळी तेथून कळवली जाते. प्रत्येक बंदर-सुविधेत एक नियुक्त सुरक्षा अधिकारी असतो आणि बंदरात सगळे त्याला ‘पीएफएसओ’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. कळवलेल्या पातळीनुसार मंजूर आराखड्यातील उपाय अमलात आणणे ही त्याची जबाबदारी आहे. संशय आल्यास तो जादा तपासणी लावू शकतो, पण पातळीचा आकडा बदलू शकत नाही. बहुतेक मोठ्या बंदरांच्या फाटकांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. ते आदेश पाळतात आणि पाळायला लावतात. पातळी का वाढली, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते, म्हणून त्यांच्याशी त्यावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पातळी सगळ्या देशासाठी, एका किनारपट्टीसाठी किंवा एकाच टर्मिनलसाठीही लावता येते. न्हावा-शेवा येथे एकाच बंदरात वेगवेगळ्या कंपन्यांची कंटेनर टर्मिनले आहेत आणि द्रवमालाचे टर्मिनल वेगळे आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या स्वतंत्र बंदर-सुविधा असून प्रत्येकीचा सुरक्षा आराखडा वेगळा असतो. त्यामुळे एका टर्मिनलवर सहज सुटलेल्या चालकाला शेजारच्या टर्मिनलवर अधिक वेळ लागला, तर त्यात विसंगती असेलच असे नाही.

सध्या कोणती पातळी लागू आहे, हे सामान्य माणसाला कसे कळेल?

बहुतेक टर्मिनलांच्या मुख्य फाटकाजवळ आणि जहाजावर गँगवेच्या (चढण्या-उतरण्याच्या शिडीच्या) तोंडाशी चालू पातळीचा फलक लावलेला असतो. अनेक ठिकाणी तो फक्त इंग्रजीत आढळतो. चालक, क्लीनर आणि माथाडी कामगार यांच्यापैकी बहुसंख्य लोक मराठी किंवा हिंदी वाचतात, हे लक्षात घेता तो मजकूर निदान दोन भारतीय भाषांत आणि मोठ्या आकड्यात असावा, असे आमचे मत आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून पालनाची अपेक्षा धरणे न्यायाचे नाही.

दुसरी पातळी लागल्यावर प्रत्यक्षात काय बदलते?

वेळ बदलतो. पहिल्या पातळीत ओळखपत्र पाहणे, पास तपासणे आणि वाहनांची अधूनमधून निवडक झडती घेणे एवढ्यावर भागते. दुसऱ्या पातळीत वापरातल्या फाटकांची संख्या कमी केली जाते, उरलेल्या फाटकांवर जादा माणसे उभी राहतात, वाहनांचा वेग तोडण्यासाठी अडथळे वाकडेतिकडे मांडले जातात, आणि जी झडती दहातल्या एका वाहनाची होत होती ती तीन-चार वाहनांची किंवा सगळ्यांचीच होऊ लागते (हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, खरे प्रमाण आराखड्यात असते आणि ते उघड केले जात नाही). ज्या अभ्यागताला आपल्या येण्याचे पडताळून पाहता येईल असे कारण देता येत नाही, त्याला प्रवेश नाकारला जातो. पाण्याच्या बाजूने गस्ती नौकांच्या फेऱ्या वाढतात. जहाजावर चढवण्याच्या शिध्याची आणि सामानाची कसून तपासणी होते, आणि पुरवठादारांना याचा फटका सर्वांत आधी बसतो, कारण भाजीपाला, मासळी आणि दूध यांना रांगेत थांबता येत नाही.

म्हणून निर्यातीचा कंटेनर घेऊन निघण्यापूर्वी फॉर्म १३ (बंदरात कंटेनर आत नेण्याचा परवाना) वरील कंटेनर क्रमांक, सीलचा क्रमांक आणि वाहनाचा क्रमांक हे तिन्ही जुळतात की नाही, हे गोदामातच पाहून घ्यावे. पहिल्या पातळीत कारकुनाच्या एका फोनवर सुधारली जाणारी चूक दुसऱ्या पातळीत वाहन रांगेबाहेर काढण्यास पुरेशी ठरते. मग पार्किंग प्लाझात परत जाऊन नव्याने सुरुवात करावी लागते आणि जहाजाची कट-ऑफ वेळ (माल स्वीकारण्याची शेवटची वेळ) तर कोणासाठी थांबत नाही.

आणि तिसरी?

तिसऱ्या पातळीत सरकारी यंत्रणांच्या थेट सूचना पाळाव्या लागतात. बंदराचा काही भाग किंवा संपूर्ण बंदर बंद करणे, माणसांची आणि वाहनांची ये-जा थांबवणे, क्रेनचे काम रोखणे, जहाजांना धक्का सोडून बाहेर जाण्यास सांगणे, परिसर रिकामा करणे हे सारे तिच्यात शक्य असते. घटनेला तोंड देणाऱ्या पथकांव्यतिरिक्त कोणालाही आत सोडले जात नाही. अशा वेळी आत असलेल्याने वाहनाचे इंजिन बंद करून, सूचना मिळेल तिकडे चालत जावे; माल कुठे राहिला, याचा विचार नंतर करता येतो.

जहाजाची पातळी एक आणि बंदराची दुसरी, असे होऊ शकते का?

होऊ शकते आणि होतेही. जहाजाची पातळी त्याच्या ध्वजाचा देश ठरवतो, बंदराची पातळी बंदराचा देश ठरवतो. बंदराची पातळी वरची असेल तर जहाजाला ती स्वीकारावीच लागते. बंदरापेक्षा खालच्या पातळीवर राहण्याची मुभा जहाजाला नाही. उलट जहाजाची पातळी वरची असेल, तर जहाजाचा सुरक्षा अधिकारी बंदराच्या सुरक्षा अधिकाऱ्याशी बोलतो आणि दोघांमध्ये सुरक्षा घोषणापत्र केले जाते. गँगवेवर पहारा कोणाचा, धक्क्यावरील उजेडाची व्यवस्था कोणाची, पाण्याच्या बाजूने नजर कोण ठेवणार, सामान कोण तपासणार, अशा कामांची वाटणी त्या कागदावर लिहिली जाऊन दोघांच्या सह्या होतात. वेगळ्या पातळ्यांव्यतिरिक्त, संहिता लागू नसलेल्या जहाजाशी व्यवहार करतानाही असे घोषणापत्र मागितले जाऊ शकते. याशिवाय बंदरात येण्यापूर्वी जहाजाला त्याने आधी भेट दिलेल्या शेवटच्या दहा बंदर-सुविधांची आणि तेथे असताना असलेल्या पातळीची माहिती देण्यास सांगता येते. एखाद्या अशांत बंदरातून आलेल्या जहाजाकडे अधिक बारकाईने का पाहिले जाते, त्याचे कारण येथे आहे.

बंदराचे कोणते भाग प्रतिबंधित असतात?

बंदराची भिंत ओलांडली की सगळेच प्रतिबंधित, अशी ढोबळ समजूत आहे. प्रत्यक्षात आतल्या आत आणखी कडे असतात. जहाजाला लागून असलेला धक्का आणि त्याच्यासमोरचे पाणी. प्रवासी आणि खलाशी चढतात-उतरतात ती जागा. माल आणि जहाजाचा शिधा चढवण्या-उतरवण्याची आणि साठवण्याची ठिकाणे. मालाची कागदपत्रे किंवा सुरक्षेची माहिती असलेली कार्यालये. जहाजांच्या वाहतुकीचे नियंत्रण कक्ष आणि कॅमेऱ्यांचे कक्ष. वीज उपकेंद्र, पाणीपुरवठा आणि दूरसंचाराची यंत्रणा. आणि धोकादायक मालाचे यार्ड यांचा त्यात समावेश होतो. या प्रत्येक जागेवर प्रवेश मर्यादित असल्याचा आणि विनापरवाना तेथे असणे हा सुरक्षाभंग असल्याचा फलक असणे अपेक्षित आहे.

वीज उपकेंद्राला नियंत्रण कक्षाइतकेच महत्त्व का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. धक्क्यावरील मोठ्या क्रेन विजेवर चालतात आणि गोठवलेल्या मालाचे शेकडो रीफर कंटेनर यार्डातील प्लगांवर अवलंबून असतात. त्यामुळे बंदर ठप्प करायचे असेल तर जहाजापर्यंत पोहोचण्याची गरज नसते. कोपऱ्यातील एका खोलीपर्यंत पोहोचले तरी पुरते. प्रतिबंधित क्षेत्राची रेषा किमतीवरून आखली जात नाही. त्या जागेचे काम थांबले तर मागोमाग काय काय थांबेल, यावरून ती ठरते.

धोकादायक मालाचे यार्ड वेगळे आणि इतके दूर का ठेवतात?

मुंबईकरांना याचे उत्तर परदेशात शोधावे लागत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. कापसाला आग लागली, ती विझवण्यासाठी अग्निशमन दलाचे जवान जहाजावर गेले, आणि दुपारी चारच्या सुमारास पहिला व त्यानंतर काही वेळाने दुसरा प्रचंड स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, गोदी आणि लगतची वस्ती उद्ध्वस्त झाली, जहाजातील सोन्याच्या विटा दूरवर जाऊन पडल्या. १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तो घातपात नव्हता. एकत्र ठेवू नये असा माल एकत्र ठेवला गेला होता, आणि गजबजलेल्या गोदीत ठेवला गेला होता.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२० रोजी, बैरूत बंदराच्या गोदामात सुमारे सहा वर्षे पडून असलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक लोक मरण पावले. तो माल जप्त केलेला होता, कागदावर नोंदलेला होता, सर्वांना ठाऊक होता. धोकादायक मालाचे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नऊ वर्ग आहेत. स्फोटकांचा पहिला आणि किरणोत्सारी पदार्थांचा सातवा वर्ग यांच्याबाबत बंदरे विशेष कडक असतात; असा माल शक्यतो यार्डात न ठेवता जहाजावरून थेट वाहनावर किंवा वाहनावरून थेट जहाजावर दिला जातो. आयातदारांनी मुदतीत माल न उचलल्यास त्यांच्यामागे लागणारा तगादा या अनुभवांतून आलेला आहे.

माझ्याकडे बंदराचा पास आहे. मग मला धक्क्यावर का जाऊ देत नाहीत?

पास हा माणसाला असतो, तसाच तो कामाला आणि जागेलाही असतो. कस्टम ब्रोकरच्या कर्मचाऱ्याचे काम कार्यालय, तपासणीचे शेड आणि फार तर यार्डाचा ठरावीक भाग येथे असते. जहाजाच्या बाजूला त्याचे काम नसते. सर्व्हेअरला धक्क्यावर जावे लागते, पण नियंत्रण कक्षात नाही. दीर्घ मुदतीच्या पाससाठी मालकाचे पत्र आणि पोलीस पडताळणी लागते, एका दिवसाच्या पाससाठी मूळ ओळखपत्र आणि बोलावणाऱ्याची विनंती. चालकाचा पास त्याच्याबरोबरच्या क्लीनरला चालत नाही. प्रत्येकाची नोंद स्वतंत्र असावी लागते. दुसऱ्याचा पास वापरणे किंवा आपला दुसऱ्याला देणे ही किरकोळ सोय मानू नये, कारण आग किंवा स्फोट झाल्यावर आत नेमके कोण होते, हे शोधण्याचे साधन ती नोंदच असते.

हेल्मेट आणि चमकणारे जाकीट नसल्यास अडवतात. तोही सुरक्षा पातळीचाच भाग आहे का?

नाही; हा घोळ भाषेने केला आहे. मराठीत अपघातापासूनच्या बचावाला आणि घातपातापासूनच्या संरक्षणाला आपण एकच ‘सुरक्षा’ म्हणतो. या पानापुरते पहिल्याला सुरक्षितता आणि दुसऱ्याला सुरक्षा म्हणू. हेल्मेट, जाकीट, यार्डात पायी न फिरणे आणि लटकत्या कंटेनरखाली न थांबणे ही सुरक्षितता. पास, झडती, सील आणि पहारा ही सुरक्षा. दोहोंत विरोध आला तर काय करावे, याचे उत्तर ‘सोलास’मध्ये स्पष्ट आहे: जहाजावर अशी वेळ आल्यास कप्तानाने जहाजाच्या सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे. सुरक्षेसाठी बंद केलेल्या दाराआड माणसे आगीत अडकणार असतील, तर दार उघडलेच पाहिजे.

कस्टमचे क्षेत्र आणि प्रतिबंधित क्षेत्र एकच असते का?

दोन्हींच्या सीमा बऱ्याच ठिकाणी एकमेकींवर येतात, पण हेतू वेगळे आहेत. कस्टमचे क्षेत्र १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली ठरते आणि शुल्क न भरलेला माल बाहेर जाऊ नये, हा त्याचा उद्देश असतो. तेथील नजर आतून बाहेर जाणाऱ्यावर असते. सुरक्षेची नजर मुख्यतः बाहेरून आत येणाऱ्यावर असते. यामुळे एकाच वाहनाची दोनदा तपासणी होते आणि चालक वैतागतात. त्यांचा वैताग अनाठायी नाही. दोन्ही तपासण्यांची जागा आणि वेळ जेथे जुळवून घेतली आहे, तेथे रांगा आखूड होतात.

कंटेनर सीलबंद असताना त्याच्या सुरक्षेची चिंता कशाला?

सील दार उघडल्याचे सांगते. आत काय भरले होते, हे सांगत नाही. म्हणून निर्यातदाराची पार्श्वभूमी, कागदपत्रांतील विसंगती आणि मालाचा मार्ग यांवरून जोखीम ठरवून निवडक कंटेनर कस्टमच्या क्ष-किरण स्कॅनरखाली नेले जातात. सर्वच कंटेनर उघडून पाहणे कोणत्याही मोठ्या बंदराला शक्य नाही. सीलचा क्रमांक कागदाशी न जुळल्यास चालकाने ‘गोदामात बदलले असेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. तेथेच थांबून कळवावे. चूक कोणाचीही असली तरी चौकशीत पहिला जबाब चालकाचा घेतला जातो.

खलाशांना किनाऱ्यावर उतरू देत नाहीत, ही तक्रार खरी आहे का?

जगभरात ही तक्रार आहे आणि आमच्या मते ती संहितेच्या आशयाशी विसंगत अशा अंमलबजावणीतून आलेली आहे. आयएसपीएसच्या प्रस्तावनेतच खलाशांच्या हक्कांचा आणि किनाऱ्यावर उतरण्याच्या गरजेचा उल्लेख आहे, आणि खलाशांचे उतरणे, त्यांची अदलाबदल आणि कल्याण संस्थांच्या व कामगार संघटनांच्या प्रतिनिधींचे जहाजावर येणे सुलभ करण्याची पद्धत बंदराच्या आराखड्यात असलीच पाहिजे, असे बंधनकारक भागात म्हटले आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत एक तरी माणूस दर्यावर्दी आहे. आठ-नऊ महिने लोखंडी भिंतींत राहिलेल्या माणसाला चार तास जमिनीवर पाय टेकवता येणे म्हणजे काय, हे त्या घरांना सांगावे लागत नाही.

अडचण बहुधा अशी असते की धक्का ते फाटक हे अंतर मोठे असते, यार्डातून पायी जाण्यास सुरक्षिततेच्या कारणाने मनाई असते आणि वाहनाची सोय कोणी करायची, हे ठरलेले नसते. कंटेनर जहाजे हल्ली धक्क्यावर जेमतेम एखादा दिवस थांबतात, हेही आहेच. परदेशी खलाशांना इमिग्रेशनकडून किनाऱ्यावर उतरण्याचा परवाना लागतो. भारतीय खलाशांकडे सीडीसी (खलाशाच्या नोकरीची अधिकृत नोंदपुस्तिका) असते आणि २०१९ पासून बायोमेट्रिक ओळखपत्रही दिले जाऊ लागले आहे. दुसऱ्या पातळीतही सरसकट बंदी घालणे अपेक्षित नाही. पडताळणी वाढवणे अपेक्षित आहे.

मुलगा जहाजावर आहे आणि जहाज न्हावा-शेव्याला लागणार आहे. आई-वडिलांना भेटता येईल का?

येऊ शकते, पण आयत्या वेळी नाही. कप्तानाची परवानगी, जहाजाच्या एजंटामार्फत पाससाठीचा अर्ज, मूळ ओळखपत्रे आणि ठरलेली वेळ या सर्व गोष्टी जुळाव्या लागतात. डबा न्यायचा असल्यास तो उघडून दाखवण्याची तयारी ठेवावी. भेट जहाजावर जमली नाही तर मुलाने फाटकाबाहेर येणे बहुधा अधिक सोपे पडते.

पाण्याच्या बाजूने बंदराचे रक्षण कसे होते, आणि मच्छीमारांनी काय लक्षात ठेवावे?

भिंत आणि फाटक जमिनीवर असतात. पाण्याला दोन्ही नाहीत. मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी आलेल्या दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेचा ताबा घेतला आणि शेवटचे अंतर रबरी होडीतून कापून ते कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. दोन्ही वेळा कोणत्याही व्यापारी बंदराचे फाटक ओलांडले गेले नव्हते. आयएसपीएस संहिता मोठ्या जहाजांची आहे. मच्छीमार नौका तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि उणीव नेमकी तेथे होती. २००८ नंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली, प्रादेशिक समुद्रातील किनारी सुरक्षेचा समन्वय तटरक्षक दलाकडे आला, सागरी पोलीस ठाणी वाढली, आणि नौकांची नोंदणी व मच्छीमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रे सुरू झाली.

उरण, न्हावा, मोरा आणि ट्रॉम्बे परिसरातील कोळी बांधवांसाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की जहाजांच्या मार्गात, धक्क्यांसमोर आणि तेलवाहू जेटींच्या आसपास जाळे टाकू नये किंवा नांगरू नये, नौकेचा क्रमांक वाचता येईल असा ठेवावा आणि ओळखपत्र बरोबर बाळगावे. या पाण्यात पिढ्यानुपिढ्या मासेमारी करणाऱ्यांना बंदर आल्यावर हद्द आखून दिली गेली, ही जाणीव सुरक्षा यंत्रणांनीही ठेवली पाहिजे. खाडीत अनोळखी होडी आली तर ती सर्वांत आधी कोळ्याच्या नजरेस पडते, आणि ज्याला रोज हुसकावले जाते तो माणूस कळवायला पुढे येत नाही.

‘सागर कवच’ चालू असताना जागोजागी नाकाबंदी असते. म्हणजे पातळी वाढलेली असते का?

नाही. ‘सागर कवच’ हा पोलीस, तटरक्षक दल, नौदल आणि इतर यंत्रणांचा किनारी सुरक्षेचा सराव आहे. बंदराचे स्वतःचे सराव वेगळे असतात. संहितेच्या मार्गदर्शनानुसार बंदर-सुविधेत निदान तीन महिन्यांतून एकदा छोटी कवायत आणि वर्षातून एकदा मोठा सराव व्हावा आणि दोन मोठ्या सरावांत १८ महिन्यांहून अधिक अंतर पडू नये.

संगणकावरील हल्ला यात मोडतो का?

मोडतो, आणि न्हावा-शेव्याला त्याचा अनुभव आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक संगणकप्रणालीने मर्स्क या डॅनिश जहाज समूहाची यंत्रणा जगभर ठप्प केली, तेव्हा त्या समूहाशी संबंधित येथील टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. फाटकावर पहारा होता, कुंपण शाबूत होते, आणि तरीही कंटेनर हलेनात, कारण कोणता कंटेनर कुठे आहे हे ज्या संगणकाला माहीत होते तोच बंद पडला होता. जहाज कंपन्यांनी आपल्या व्यवस्थापनात सायबर जोखमीचा विचार करावा, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा ठराव त्याच महिन्यातला आहे. अनोळखी पेन ड्राइव्ह कार्यालयातील संगणकाला न लावणे हा आता कुलूप लावण्याइतकाच साधा नियम झाला आहे.

बंदराचा सुरक्षा आराखडा माहिती अधिकारात मिळेल का?

आराखडा अनधिकृत व्यक्तींच्या हाती पडू नये, असे संहिताच सांगते, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम ८ सुरक्षेला बाधक ठरणारी माहिती नाकारण्याची मुभा देते. मात्र पास देण्याची पद्धत, शुल्क, लागणारी कागदपत्रे आणि तक्रार कोठे करावी, ही माहिती आराखड्याचा गुप्त भाग नाही. ती मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आत मोबाइलने फोटो काढले तर काय होते?

परवानगीशिवाय काढू नयेत. कंटेनरला झालेल्या नुकसानीची नोंद करण्यासाठी सर्व्हेअरना छायाचित्रे लागतात आणि त्यांना त्यासाठी मुभा मिळते; हौसेने काढलेले आणि समाजमाध्यमांवर टाकलेले चित्र कॅमेऱ्यांच्या जागा, पहाऱ्याची ठिकाणे आणि फाटकांची रचना नकळत उघड करते. ड्रोनचा तर विचारही करू नये.

आत पास हरवला किंवा अनोळखी माणूस प्रतिबंधित जागी दिसला तर काय करावे?

पास हरवल्याचे लगेच जवळच्या चौकीवर सांगावे, म्हणजे तो तत्काळ रद्द करता येतो. संध्याकाळी बाहेर पडताना सांगणे उशिराचे ठरते. अनोळखी व्यक्ती दिसल्यास स्वतः झटापटीत पडू नये. ‘आपण कोणाकडे आला आहात?’ एवढे सौजन्याने विचारावे, उत्तर पटले नाही तर जागा, वेळ आणि वर्णन सुरक्षा नियंत्रण कक्षाला कळवावे. बेवारस पिशवी किंवा डबा दिसल्यास त्याला हात लावू नये, हलवू नये, आणि त्याच्या जवळ उभे राहून मोबाइलवर बोलू नये. आधी दूर जावे आणि मग फोन करावा.